ट्रॅक्टर आणि ट्रॉलीचं वजन कसं जुळवायचं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ऊस, सोयाबीन, कापूस, वाळू, पाण्याचे टँकर अशा वेगवेगळ्या वाहतुकीसाठी मराठवाड्यातून सतत येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. हिशेब समजायला सोपा जावा म्हणून सगळीकडे एकच ट्रॅक्टर धरला आहे: ४५ एचपी, टू-व्हील ड्राइव्ह (इंजिनाचा जोर फक्त मागच्या दोन चाकांना), वजन २,००० किलो. त्यातले ७०० किलो पुढच्या धुऱ्यावर आणि १,३०० किलो मागच्या धुऱ्यावर. तुमच्या ट्रॅक्टरचे आकडे थोडे वेगळे असतील, हिशेबाची रीत तीच राहील.

१. आमचा ट्रॅक्टर ४५ एचपीचा आहे. किती टनांची ट्रॉली जोडावी?

डांबरी, बऱ्यापैकी सपाट रस्त्यावर आणि ट्रॉलीला स्वतःचा ब्रेक नसेल तर दोन चाकी ट्रॉली मालासकट ६ टनांपर्यंत. ट्रॉलीचं स्वतःचं वजन दीड टनाच्या आत असतं, म्हणजे माल साधारण साडेचार टन. हाही आकडा सढळ हाताने दिलेला आहे. ट्रॅक्टरच्या मॅन्युअलमध्ये बिनब्रेकच्या ट्रॉलीसाठी ट्रॅक्टरच्या वजनाच्या दीडपट अशी मर्यादा बऱ्याचदा दिसते. आपल्या उदाहरणात ती ३ टन होते. रोजच्या व्यवहारात ती कोणी पाळत नाही हे खरं. पण ती का घातली आहे हे प्रश्न ९ मधल्या आकड्यांवरून कळेल. सहा टन ओढायचेच असतील तर वेग २० ते २५ किमीच्या वर नेऊ नका आणि घाटासाठी प्रश्न ११ आधी वाचा.

आरसी बुकात ट्रॉलीचं भरलेलं वजन याहून कमी लिहिलेलं असेल, तर तोच आकडा धरायचा.

२. पण एचपी जास्त म्हणजे ओढ जास्त. मग नुसता एचपी बघून का चालत नाही?

कारण सपाट रस्त्यावर ओढायला एचपी फार लागतच नाही. डांबरी रस्त्यावर हवा नीट भरलेली चाकं फिरवायला एकूण वजनाच्या साधारण २ टक्के जोर पुरतो. ट्रॅक्टर-ट्रॉली मिळून १० टन असतील तर २०० किलोची ओढ. हिशेबाचं सूत्र असं: ओढ किलोमध्ये गुणिले वेग किमीमध्ये, भागिले २७०. म्हणजे २५ किमी वेगाला साडेअठरा एचपी. ४५ एचपीच्या इंजिनातले ३३-३४ एचपी चाकापर्यंत पोचतात, म्हणजे निम्मी ताकद शिल्लकच राहते.

इथेच माणूस फसतो. ट्रॅक्टरसकट १८ टनांचं धूड झालं तरी सपाटीला ३३ एचपीत ते २५ किमीने पळतं आणि वाटतं, ट्रॅक्टर झेपवतोय. चढ लागला की मागच्या चाकांची पकड संपते, उतार लागला की ब्रेक संपतो. ट्रॉली ठरवताना ब्रेक, मागच्या चाकांची पकड आणि पुढच्या चाकांवर उरणारं वजन हे तीन आकडे आधी बघायचे. एचपी चौथ्या क्रमांकावर.

३. आरसी बुकात नेमकं काय बघायचं?

कायद्याच्या भाषेत ट्रॉली हे स्वतंत्र मोटार वाहन आहे. तिची नोंदणी वेगळी, नंबर वेगळा, आरसी वेगळी. त्या आरसीवर दोन वजनं असतात: रिकामं आणि भरलेलं. दोन्हींची वजाबाकी केली की कायदेशीर माल निघतो. उदाहरणार्थ, रिकामी १,४०० आणि भरलेली ५,००० असेल तर माल ३,६०० किलो, म्हणजे ३६ क्विंटल. वेल्डिंगवाल्याने ‘पाच टनी ट्रॉली’ म्हणून विकली तेव्हा तो मालाचे टन सांगत होता की एकूण, हे आरसीशी ताडून घ्या. बहुतेक वाद तिथूनच सुरू होतात.

ट्रॅक्टरच्या बाजूने मॅन्युअल बघा. मॉडेलची चाचणी मध्य प्रदेशातल्या बुदनी इथल्या केंद्रीय संस्थेत झाली असेल, तर तिच्या अहवालात वाहतुकीच्या चाचणीला किती वजनाची ट्रॉली लावली होती ते दिलेलं असतं. विक्रेत्याच्या तोंडी आकड्यापेक्षा तो कागद भरवशाचा.

४. काट्यावर नेऊन वजन काढायचं तर कोणकोणतं काढू?

एकदाच चार वजनं काढा आणि आरसीच्या मागे लिहून ठेवा.

पहिलं, चालक बसलेला असताना नुसत्या ट्रॅक्टरचं. दुसरं, फक्त पुढची चाकं काट्यावर चढवून पुढच्या धुऱ्याचं. मग ट्रॉली जोडून, नेहमीएवढी भरून, फक्त ट्रॅक्टर काट्यावर आणि ट्रॉलीची चाकं काट्याबाहेर ठेवून तिसरं. तिसऱ्यातून पहिलं वजा केलं की ट्रॉली हुकावर किती भार टाकते ते मिळतं. चौथं, भरलेली ट्रॉली जोडलेली असतानाच परत फक्त पुढच्या चाकांचं. हे चौथं सगळ्यात महत्त्वाचं आणि नेमकं तेच कोणी काढत नाही. ते ट्रॅक्टरच्या वजनाच्या २० टक्क्यांहून कमी, म्हणजे आपल्या उदाहरणात ४०० किलोहून कमी आलं, तर स्टिअरिंग हाताला हलकं लागेल आणि वळणावर ट्रॅक्टर सरळच जाईल.

काट्याचा फलाट आणि बाजूची जमीन एका पातळीत नसेल तर हुकाचा भार चुकीचा निघतो. साखर कारखान्यांचे आणि बाजार समित्यांचे काटे बहुधा सपाट असतात.

५. काटा लांब आहे. हौद्यावरून अंदाज कसा बांधू?

हौद्याची लांबी, रुंदी, उंची फुटात मोजून गुणाकार करा. १० × ६ × २ फुटांचा हौदा १२० घनफूट, म्हणजे सव्वा ब्रासला थोडा कमी, किंवा ३.४ घनमीटर. हाच हौदा काठोकाठ भरला तर:

सोयाबीन २४-२५ क्विंटल. गहू किंवा हरभरा २६-२७ क्विंटल. शेणखत वाळलेलं असेल तर पावणेदोन टन, ओलं असेल तर पावणेतीनच्या आसपास. मुरूम ६ टन. कोरडी वाळू साडेपाच टनांच्या जवळ आणि नदीतून नुकतीच काढलेली ओली वाळू साडेसहा टन. विटा घनफुटावर मोजू नका, नग मोजा: तीन किलोची वीट धरली तर हजाराला तीन टन.

हौदा तोच आणि भरलेलाही दिसायला तसाच, पण सोयाबीनच्या अडीचपट वजन वाळूचं. धान्यासाठी बांधलेल्या ट्रॉलीत वाळू काठापर्यंत कधीच भरायची नाही. एक फुटाची खूण रंगाने मारून ठेवा. कापसाचं उलटं. सुटा कापूस घनमीटरला शंभर किलोच्या आसपास, त्यामुळे वजनाची मर्यादा येण्याच्या कितीतरी आधी उंचीची मर्यादा येते. ती प्रश्न १३ मध्ये.

६. दोन चाकी घ्यावी की चार चाकी?

शेतातून माल काढायचा असेल तर दोन चाकी. पक्क्या रस्त्यावर लांब अंतर असेल तर चार चाकी, पण ब्रेक बसवलेली.

दोन चाकी ट्रॉली आपला काही भार हुकावर, म्हणजे ट्रॅक्टरच्या मागच्या चाकांवर टाकते. त्याने पकडही वाढते आणि ब्रेकचा जोरही. चार चाकी ट्रॉली स्वतःच्या पायावर उभी असते. दांडीच्या वजनापलीकडे ट्रॅक्टरवर काहीच टाकत नाही. म्हणून ती जोडताना पुढची चाकं उचलत नाहीत, हुकाला ताण कमी, आणि चालकाला ती हलकी वाटते. पण ८ टनांची चार चाकी थांबवायला ट्रॅक्टरकडे फक्त स्वतःच्या मागच्या धुऱ्यावरच्या १,३०० किलोंमुळे मिळणारी पकड असते. रिव्हर्स घेतानाही पुढचा धुरा फिरता असल्यामुळे ती भलतीकडे मुडपते; कारखान्याच्या आवारात नवशिक्या चालकाची पंचाईत होते ती इथेच.

७. भरलेली ट्रॉली जोडली की ट्रॅक्टरचं नाक उचलतं. हुकावर किती भार योग्य?

बैलगाडी धुरजड (पुढे जड) किंवा उलाळ (मागे जड) भरण्याचाच हा हिशेब आहे, फक्त बैलाच्या खांद्याऐवजी हुक.

हुक मागच्या धुऱ्याच्या साधारण ६० सेंटीमीटर मागे असतो आणि पुढच्या-मागच्या धुऱ्यांत अंतर २ मीटर. हुकावर १,००० किलो पडले की पुढच्या चाकांवरचे १,००० × ०.६ ÷ २ = ३०० किलो कमी होतात. सातशेचे चारशे उरले. ही २० टक्क्यांची सीमा. म्हणजे या ट्रॅक्टरला हुकावर एक टन ही कमाल, आणि ६ टनांच्या ट्रॉलीत तो १७ टक्के होतो. चढावर यात आणखी घट होते: ओढ ६०० किलो आणि हुक जमिनीपासून अर्धा मीटर असेल तर अजून १५० किलो पुढून जातात. हुक जितका उंच तितकी ही घट मोठी. ट्रॉलीची दांडी वर राहते म्हणून हुक वर सरकवण्यापेक्षा दांडीचं तोंड खाली वाकवून घ्या.

कमी भारही वाईट. हुकावर एकूण वजनाच्या १० टक्क्यांहून कमी राहिले तर ट्रॉली मागे डोलते, आणि माल मागच्या बाजूला जास्त असेल तर दांडी ट्रॅक्टरची मागची चाकंच उचलू पाहते. पोती उतरवताना म्हणूनच मागून सुरुवात करायची. पुढची पोती आधी काढली आणि ट्रॉली सुटी असली तर ती उलाळते.

८. पुढे लोखंडी वजनं लावली की काम भागेल का?

नाक उचलण्यापुरतं भागेल. पुढच्या बंपरला लावायच्या प्लेटा धुऱ्याच्याही पुढे असतात, त्यामुळे शंभर किलोच्या प्लेटा पुढच्या चाकांवर शंभराहून थोडा जास्तच भार देतात. पण त्या मागच्या चाकांवरचं ओझं किंवा ब्रेकचं काम कमी करत नाहीत. प्लेटा लावल्या म्हणून ट्रॉलीत आणखी अर्धा टन टाकायचा, हा हिशेब चुकीचा. बंपरवर दोन माणसं बसवून चढ चढवणं तर करूच नका. नाक वर जाऊन आपटलं की पहिली तीच चाकाखाली येतात.

९. ब्रेक मारला की ट्रॉली मागून ढकलते. ब्रेक नवे केले तरी तसंच. का?

कारण दोष ब्रेकच्या प्लेटांत नसून वजनाच्या प्रमाणात आहे. टू-व्हील ड्राइव्ह ट्रॅक्टरला ब्रेक फक्त मागच्या दोन चाकांना असतात. चाक कितीही घट्ट धरलं तरी टायर आणि रस्ता यांच्यात जेवढी पकड, तेवढाच जोर मिळतो. कोरड्या डांबरावर तो मागच्या धुऱ्यावरच्या भाराच्या साधारण ६० टक्के. २५ किमी वेगातून थांबायला लागणारं अंतर, चालकाला सुचायला लागणारा एक सेकंद, म्हणजे ७ मीटर, सोडून:

नुसता ट्रॅक्टर: ६ मीटर.
दोन चाकी ट्रॉली ६ टन, हुकावर १ टन: ११ ते १२ मीटर.
चार चाकी ट्रॉली ८ टन: २५ मीटर.
चार चाकी दोन ट्रॉल्या, मिळून १६ टन: ३९ मीटर.

हे सगळं कोरड्या, सपाट रस्त्याचं आणि चांगल्या टायरचं. पहिल्या पावसात किंवा रस्त्यावर उसाचं पाचट, चिखल पडलेला असेल तर अंतर सहज दुप्पट होतं. आणि चाकं पूर्ण अडकली की ट्रॉली ट्रॅक्टरला आडवा करते.

उपाय दोन. पहिला फुकटचा: रस्त्यावर निघण्याआधी डावं-उजवं ब्रेक पेडल जोडपट्टीने एकत्र अडकवायचं. शेतात वळण्यासाठी ती काढलेली असते आणि तशीच राहते. मग घाईत एकच पेडल दाबलं जातं आणि ट्रॅक्टर गर्रकन फिरतो. दुसरा उपाय म्हणजे ट्रॉलीला स्वतःचे ब्रेक. ट्रॉली पुढे ढकलू लागली की दांडीतूनच लागणारे ब्रेक सोपे आणि स्वस्त; ट्रॅक्टरच्या पेडलवर चालणारे हायड्रॉलिक किंवा हवेचे जास्त चांगले. नवी ट्रॉली बांधायला टाकताना हौद्याच्या रंगावर आणि नक्षीवर जेवढा खर्च होतो, तेवढ्याचा विचार आधी ब्रेकसाठी करा.

१०. उसाला दोन ट्रॉल्या सगळेच लावतात. मग आम्ही लावल्या तर काय बिघडलं?

एक खेप, एक चालक, डिझेलची बचत. टोळी आणि मुकादमाचा खर्च डोक्यावर असताना हा हिशेब मोहात पाडणारा आहे हे मान्य. पण आकडे बघा. दोन चार चाकी ट्रॉल्या आणि ट्रॅक्टर मिळून १८ टन. सहा टक्के उतारावर हे वजन १,०८० किलोच्या जोराने खाली ढकलतं. ट्रॅक्टरचा ब्रेक ७८० किलो (१,३०० चे ६० टक्के) आणि चाकांचा स्वतःचा अडथळा ३६० किलो (१८ टनांचे २ टक्के), मिळून १,१४०. १८ टनांना थांबवायला उरले ६० किलो. म्हणजे ब्रेक पूर्ण दाबलेला असूनही गाडी जवळजवळ त्याच वेगाने उतरत राहते.

चढाची गोष्टही तीच. सहा टक्के चढाला १,४४० किलोची ओढ लागते आणि मागच्या चाकांची पकड ७८० किलोची. चाकं जागेवर फिरतात, मग दुसरा ट्रॅक्टर पुढे टोचन लावून ओढतो. टोचन लागतं याचा अर्थ वजन जास्त झालं, एवढा साधा निकष लक्षात ठेवला तरी पुरे. शिवाय मागची ट्रॉली पुढच्या ट्रॉलीच्या मागच्या हुकाला अडकवलेली असते, आणि तो हुक बऱ्याचदा ओढ सोसायला बांधलेलाच नसतो. चॅनेलला नुसता वेल्ड मारलेला असतो.

दोन ट्रॉल्या लावायच्याच असतील तर दोन्हींना ब्रेक हवेत, पूर्ण मार्ग सपाट हवा आणि ट्रॅक्टर जास्त वजनाचा हवा. यातलं एक जरी नसेल तर एकच ट्रॉली.

११. वाटेत घाट आहे. वजन किती कमी करू?

बालाघाटाच्या डोंगररांगेत बीड-धाराशिवकडे मांजरसुंबा, धारूर, येडशी असे उतार आहेत, आणि संभाजीनगरहून चाळीसगावकडे जाताना कन्नडचा घाट. अशा ठिकाणी आठ टनांच्या चार चाकीचं सपाटीवरचं २५ मीटर थांबण्याचं अंतर सहा टक्के उतारावर ६५ मीटर होतं. पुढच्या वळणापर्यंतसुद्धा एवढा रस्ता दिसत नाही.

बिनब्रेकची चार चाकी ट्रॉली घाटात भरून नेऊच नये. दोन चाकीत एकूण वजन चार टनांवर आणा. उतार सुरू होण्याआधी थांबून, ज्या गिअरमध्ये तोच चढ चढला असता तो गिअर टाका आणि खाली पोचेपर्यंत बदलू नका. मध्येच क्लच दाबला की इंजिनाचा अडसर सुटतो, ट्रॉलीचा वेग वाढतो आणि परत गिअर पडत नाही. डिझेल वाचवायला न्यूट्रलमध्ये उतरवणं याबद्दल वेगळं काही लिहायला नको.

१२. ट्रॅक्टर रस्त्यावर ओढतो, पण उसाच्या फडातून ट्रॉली निघत नाही. मोठा ट्रॅक्टर घ्यावा का?

आधी जमीन बघा. ओलसर काळ्या मातीत चाकं ओढायला एकूण वजनाच्या १० टक्के जोर लागतो, चिखलात १५ किंवा अधिक. डांबराच्या किमान पाचपट. त्याच वेळी मागच्या चाकांची पकड भाराच्या एक तृतीयांशावर येते. सहा टनांच्या दोन चाकीला ८०० किलोची ओढ हवी आणि पकड मिळते ८५० च्या आसपास: जेमतेम निघते. आठ टनांच्या चार चाकीला १,००० हवेत, मिळतात ४३०. रुतणारच. रिकामी चार चाकी सुद्धा तिथे काठावर पास होते.

म्हणून वापसा येईपर्यंत, म्हणजे मातीतली जादा ओल निघून जाईपर्यंत थांबा, किंवा दोन चाकीत निम्मा माल भरून बांधापर्यंत आणा आणि पाणंद रस्त्यावर दुसऱ्या ट्रॉलीत भरा. रुतलीच तर ट्रॅक्टरच्या टॉप लिंकच्या जागेला साखळी बांधून ओढू नका. ओढ मागच्या धुऱ्याच्या वर गेली की ट्रॅक्टर मागे उलटतो, आणि तो इतक्या झटकन उलटतो की क्लच दाबायला वेळ मिळत नाही. साखळी नेहमी खालच्या हुकाला.

१३. ट्रॉलीच्या फाळक्यांची (हौद्याच्या बाजूच्या फळ्यांची) उंची वाढवली. वजन मर्यादेत आहे, मग ट्रॉली उलटली कशी?

कारण मालाचा मध्य वर गेला. चाकांमधलं अंतर दीड मीटर आणि मालाचा मध्य जमिनीपासून दोन मीटरवर असेल, तर बाजूला ढकलणारा जोर वजनाच्या ३७ टक्के झाला की ट्रॉली कलंडते. पाटे (स्प्रिंगा) एका बाजूला दबले की त्याहून आधीच. १५ मीटर त्रिज्येच्या वळणावर २० किमीने गेलात तर हा जोर २१ टक्के असतो, ३० किमीने गेलात तर ४७. दहा किमीचा फरक, पण एक वळण पार होतं आणि दुसऱ्यात कापूस किंवा ऊस रस्त्यावर. ऊस, कडबा, कापूस यांत वेग हाच खरा वजनकाटा. रस्त्याच्या कडेला एक चाक साइडपट्टीवर उतरवून समोरच्याला जागा देतानाही हाच हिशेब लागतो.

१४. टायर कोणते आणि हवा किती?

टायरच्या कडेवर लिहिलेला भारांक वाचा. १२० म्हणजे एका टायरवर १,४०० किलो, १२५ म्हणजे १,६५०, १३० म्हणजे १,९००, १३५ म्हणजे २,१८०. हा भार शेजारी दिलेल्या वेगाच्या अक्षरापुरता: ए६ म्हणजे ३० किमी, ए८ म्हणजे ४०. सहा टनांच्या दोन चाकीत हुकावर एक टन गेला तर दोन टायरांवर पाच टन, प्रत्येकी अडीच. तिथे १४० भारांकाखालचा टायर चालत नाही. बाजारात ट्रकचे उतरलेले, गुळगुळीत टायर ट्रॉलीला सर्रास बसवतात. ब्रेक नसलेल्या ट्रॉलीला नक्षीचं काय काम, असा त्यामागचा विचार. पण आतला धागा उघडा पडलेला टायर भर उन्हात, भरलेल्या मालासह फुटतो आणि एका बाजूला बसलेली ट्रॉली ट्रॅक्टरला ओढत नेते.

ट्रॅक्टरच्या मागच्या टायरांत शेतातल्या कामासाठी हवा कमी ठेवलेली असते. वाहतुकीला मॅन्युअलमधला वाहतुकीचा आकडा भरा, नाहीतर कडेला घड्या पडून टायर आतून तुटतो.

१५. फोर बाय फोर ट्रॅक्टर घेतला तर जास्त वजन चालेल का?

शेतातून काढताना फरक मोठा पडतो. उतारावरही पडतो: बऱ्याच मॉडेलमध्ये फोर-व्हील जोडलं की ब्रेकचा जोर पुढच्या चाकांपर्यंत पोचतो. पण आरसीवरचं ट्रॉलीचं वजन, हुकाची ताकद आणि टायरांचा भारांक यांतलं काहीच वाढत नाही. कोरड्या डांबरावर सतत जोडून ठेवलं तर पुढचे टायर झिजतात आणि गिअरांवर ताण येतो, कारण पुढची चाकं मुद्दाम थोडी जास्त वेगाने फिरतील अशी रचना असते. घाटाच्या उतारापुरतं जोडा, खाली आल्यावर काढा.

१६. पाण्याचा टँकर अर्धा भरून नेला तर सोपं जाईल ना?

टंचाईच्या दिवसांत हा प्रश्न हमखास येतो आणि उत्तर उलटं आहे. ५,००० लिटर म्हणजे पाच टन पाणी, वर टाकीचं वजन. अर्धा भरला की वजन कमी होतं, पण पाणी हलायला मोकळं होतं. ब्रेक मारला की सगळं पुढे येऊन हुकावर आदळतं, चढाला मागे सरकून हुक हलका करतं, वळणावर बाहेरच्या बाजूला जातं. टाकीत आडव्या पट्ट्या नसतील तर हे झोके ट्रॅक्टर हलवतात. पट्ट्या असलेली टाकी घ्या आणि शक्य तिथे पूर्ण भरून जा. पूर्ण भरलेलं वजन ट्रॅक्टरला झेपत नसेल तर टाकीच लहान हवी. वाटेत दोन-तीन वस्त्यांवर थोडं थोडं वाटायचं असेल तर पुढच्या टप्प्यांवर वेग निम्मा करा.

१७. हुक आणि पिनकडे किती लक्ष द्यावं?

रोज सकाळी एक मिनिट. पिन कंपनीचीच किंवा तेवढ्याच जाडीची. जुन्या सळईचा तुकडा किंवा मोठा बोल्ट चालत नाही. पिन निघू नये म्हणून खालून क्लिप, आणि दांडीपासून ट्रॅक्टरपर्यंत एक साखळी, पिन तुटली तरी दांडी जमिनीत घुसू नये एवढ्या लांबीची. हुकाचं भोक लंबगोल झालेलं असेल तर दर ब्रेकला धक्का बसतो आणि बोल्ट सैल होतात. भोक भरून परत वेल्ड करण्यापेक्षा हुक बदला. थ्री पॉइंटच्या खालच्या दोन दांड्यांमध्ये आडवी पट्टी लावून जड ट्रॉली जोडू नका. ती औजारांसाठी आहे.

१८. जास्त वजन पकडलं तर दंड किती? आणि विमा मिळतो का?

मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४ मध्ये २०१९ च्या दुरुस्तीनंतर जादा वजनाला २०,००० रुपये आणि वरच्या प्रत्येक टनाला २,००० रुपये अशी तरतूद आहे; जादा माल उतरवून घेण्याचा खर्चही वाहनावरच. माल बाजूला, मागे किंवा उंचीला मर्यादेबाहेर गेला तर त्याच कलमात वेगळे २०,००० आहेत. कारखान्याशी वाहतुकीचा करार आहे म्हणून यातून सूट मिळत नाही.

विम्यात तीन ठिकाणी अडतं. ट्रॉलीची नोंद पॉलिसीत वेगळी नसते. शेतीसाठी नोंदलेल्या ट्रॅक्टरवर भाड्याची वाळू किंवा विटा असतात. आणि मालावर माणसं बसलेली असतात, ज्यांची जोखीम पॉलिसी घेत नाही. पॉलिसी हातात आली की ट्रॉलीचा नंबर तिच्यावर छापलेला आहे का, ते तिथेच बघून घ्या. नसेल तर त्याच दिवशी एजंटाकडून नोंद करून घ्या.